मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाठीचे स्नायू बारीक होतात तेव्हा

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून गुहागर तालुक्यात आमची कलमांची आणि पोफळीची बाग आहे. गेल्या दिवाळीनंतर कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. पायात उतरणारी कळ थांबली. परंतु वाकून काम करताना आणि पाखाडी चढताना कंबर दुखते. नव्या एमआरआयच्या अहवालात पाठीचे स्नायू बारीक होऊन त्यांत चरबी वाढल्याचे लिहिले आहे. शस्त्रक्रिया चुकली का? हे स्नायू पूर्ववत होतील का? येत्या हंगामात आंब्याच्या पेट्या उचलता येतील का?
— एक वाचक

उत्तर : पायातील कळ थांबली, म्हणजे नसेवरील दाब काढण्याचा मुख्य हेतू साधला आहे. कमरेचे दुखणे थांबण्याची तेवढी खात्री मात्र देता येत नाही, आणि ही गोष्ट रुग्णाला आधीच जितकी स्पष्ट सांगायला हवी तितकी ती सांगितली जात नाही, असे माझे मत आहे.

या स्नायूंपैकी सर्वांत महत्त्वाचा मल्टिफिडस. तो कण्याच्या दोन्ही बाजूंना मणक्यांना चिकटून असतो आणि हालचाल होत असताना एकेका मणक्याला स्थिर ठेवतो. पाठीच्या मधोमध छेद घेतल्यास हाडापर्यंत पोहोचण्यासाठी हाच स्नायू सोडवून बाजूला ओढून धरावा लागतो. त्या दाबाने त्याचा रक्तपुरवठा तेवढा वेळ कमी होतो, त्याच्याकडे जाणारी बारीक नस दुखावू शकते, आणि मग काही तंतू झिजून त्यांची जागा चरबी घेते. स्क्रूने एकमेकांशी जखडलेले मणके हलत नसल्यामुळे तिथल्या स्नायूला पुढे कामही कमी उरते. तेव्हा केवळ हा बदल दिसला म्हणून शस्त्रक्रिया चुकली असे म्हणता येत नाही. शिवाय मणक्याच्या जुन्या आजारात हा स्नायू आधीपासूनच बारीक झालेला असू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय घरात असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची डॉक्टरांना विनंती करा.

अशी चरबी पाठ न दुखणाऱ्या माणसांतही आढळते. म्हणून दुखण्याचे सगळे खापर स्नायूवर फोडण्याआधी जखडलेल्या मणक्यांचे हाड एकमेकांशी जुळले आहे का, स्क्रू सैल झाला आहे का आणि लगतच्या मणक्यावर ताण येतो आहे का, हे तपासून घ्यावे. विडी-सिगारेट ओढत असाल तर ती बंद करा, कारण धूम्रपानाने हाड जुळण्यास अडथळा येतो.

चरबी झालेला भाग सहसा पूर्णपणे पूर्ववत होत नाही. उरलेले तंतू मात्र व्यायामाने बळकट होतात, आणि दुखणे कमी व्हायला अहवालातील चित्र बदललेच पाहिजे असे नाही. शल्यचिकित्सकांची परवानगी घेऊन फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. ओणवे होऊन, हाता-गुडघ्यांवर शरीर तोलून, एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सावकाश लांब करण्याचा व्यायाम त्यांत बहुधा असेल. रोज सपाट रस्त्यावर चाला. किनाऱ्यावरील भुसभुशीत, उतरती वाळू सध्या टाळलेली बरी. कोमट तेलाच्या मालिशने आराम वाटतो, ताकद येत नाही. कमरेचा पट्टाही सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नये.

पायातील ताकद कमी झाली, लघवी-शौचावरील ताबा सुटला, जांघेत बधिरता आली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पेट्यांचे म्हणाल, तर हाड जुळल्याचे शल्यचिकित्सकांनी सांगेपर्यंत भरलेली पेटी उचलू नका. त्यानंतरही सुरुवात अर्ध्या भरलेल्या पेटीने करा. ती छातीजवळ धरा आणि वळताना कंबर न पिळता पावले वळवा. यंदा आंबे भरण्याचे काम पडवीत कमरेइतक्या उंच बाकावर करा, म्हणजे जमिनीवरून पेटी उचलण्याची वेळ येणार नाही, आणि टेम्पोत पेट्या चढवण्यासाठी गडी ठेवा.