जागा चार, मग आकडा २.८ का? : प्रथिने आणि एन्झाइमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसायच्या जागा चार असताना हिल गुणांक (एका जागी ऑक्सिजन बसला की पुढचा बसणं किती सोपं होतं, या ‘सहकार्या’चं माप) २.८च्या आसपास का येतो? ही प्रयोगातली चूक आहे का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी)

चूक नाही. हिल गुणांक म्हणजे जागांची मोजणी, हा समजच आधी सोडा. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिलने १९१०मध्ये मांडलेल्या समीकरणात रेणू एकतर पूर्ण रिकामा असतो किंवा चारही जागा भरलेला. प्रत्यक्षात एक, दोन, तीन ऑक्सिजन घेतलेले रेणूही थोड्या प्रमाणात असतात, म्हणून गुणांक चारच्या खालीच राहतो. चार ही फक्त वरची मर्यादा.

या २.८ची किंमत आकड्यांत पाहा. निम्म्या जागा भरतात तो ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या २६ मिमी धरू. फुप्फुसात, १०० मिमीला, हिमोग्लोबिन ९८ टक्के भरतं. राबणाऱ्या स्नायूत, २० मिमीला, ३२ टक्केच भरलेलं उरतं. म्हणजे ६५ टक्क्यांहून थोडा जास्त माल उतरला. आता तोच २६चा आकडा ठेवून गुणांक १ करा : फुप्फुसात ७९, स्नायूत ४३, उतरले फक्त ३६. एका फेरीत मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ निम्मा झाला! ही सगळी करामत लोहाच्या एका छोट्या हालचालीतून सुरू होते. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू हीमच्या (त्याला धरणाऱ्या सपाट कड्याच्या) प्रतलाबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असतो. ऑक्सिजन बसला की तो आत सरकतो, शेजारच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला ओढतो, त्याच्याबरोबर प्रथिनाच्या साखळीची अख्खी हेलिक्स (मळसूत्री वळण) हलते, आणि साखळ्यांना घट्ट धरून ठेवणारे क्षार-बंध तुटू लागतात.

हिल आलेख काढताना (त्याचा उतार म्हणजेच गुणांक) उतार १० ते ९० टक्के भरलेल्या पट्ट्यातूनच घ्या. दोन्ही टोकांना उतार १कडे झुकतो, कारण पहिला आणि शेवटचा ऑक्सिजन एकेकटाच बसतो. सगळ्या बिंदूंतून एकच रेघ ओढली की गुणांक उगाच घसरतो. शिवाय नमुना जुना असेल, तपकिरी झाला असेल, तर त्यात मेटहिमोग्लोबिन (लोहाचं ऑक्सिडीकरण झालेलं, ऑक्सिजन न धरणारं रूप) तयार झालेलं असतं. त्यानेही वक्र डावीकडे सरकतो आणि सहकार्य कमी दिसतं.

प्रश्न : गॅस गीझर चालू असलेल्या बंद बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध सापडलं आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल, तर ऑक्सिजन ठीक आहे असं समजावं का?

मुळीच समजू नका. साधा ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबींवर मोजतो, आणि ६६०ला कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन जवळपास ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं. यंत्राला फरक कळत नाही. रुग्णालयात रक्ताच्या नमुन्यावर को-ऑक्सिमेट्री (अनेक तरंगलांबींवर हिमोग्लोबिनची रूपं वेगवेगळी मोजणारी तपासणी) करायला सांगा. साध्या रक्तवायू तपासणीत दाबावरून गणिताने काढलेली संपृक्तताही फसवते.

या वायूची हिमोग्लोबिनवरची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपट आहेच, पण खरा घात पुढे आहे. एका-दोन जागी तो बसला की रेणू ऑक्सिजनवर घट्ट पकड असलेल्या अवस्थेतच राहतो, आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही ऊतींत सुटत नाही. अ‍ॅनिमियाने निम्मं हिमोग्लोबिन उरलेला माणूस दमत-भागत का होईना चालता-फिरता असतो. निम्मं हिमोग्लोबिन या वायूने अडवलेला माणूस दगावू शकतो.

आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. तुम्हीही आत रेंगाळू नका. मग मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. आणि गीझर बाथरूमच्या बाहेरच बसवा, एवढं कळकळीने सांगतो.

प्रश्न : अल्कलाइन फॉस्फटेजच्या प्रॅक्टिकलमध्ये लाइनवीव्हर-बर्क आलेखाची (आडव्या अक्षावर १/तीव्रता, उभ्यावर १/वेग) रेघ उभ्या अक्षाला शून्याखाली छेदते. व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) ऋण कसा असेल? (बी.एस्सी. तृतीय वर्ष. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, पीएनपीपी ०.१ ते २ मिलिमोलर, मिश्रण ३ मिली, वेळ १० मिनिटं, मग १ मिली सोडियम हायड्रॉक्साइड. सर्वांत कमी तीव्रतेच्या नळीत ४०५ नॅनोमीटरला ०.४५.)

ऋण व्हीमॅक्स असूच शकत नाही. तुमच्या शेवटच्या आकड्यातच दोष सापडतो. पीएनपीपीतून सुटणाऱ्या पिवळ्या पॅरा-नायट्रोफिनॉलचा अल्कलीतला मोलर शोषण गुणांक १८,००० धरा. ०.४५ म्हणजे २५ मायक्रोमोलर. सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर घनफळ ४ मिली झालं (इथे बरेच जण ३ने गुणतात!), म्हणून १०० नॅनोमोल पदार्थ तयार झाला. नळीत मुळात सब्स्ट्रेट किती होता? ०.१ मिलिमोलर गुणिले ३ मिली, ३०० नॅनोमोल. म्हणजे दहा मिनिटांत एक तृतीयांश संपला. तुम्ही सुरुवातीचा वेग मोजलाच नाही, मंदावत गेलेल्या वेगाची सरासरी मोजली. त्यातून सुटणारा फॉस्फेटही याच एन्झाइमला अडवतो.

ही मंदी कमी तीव्रतेच्या नळ्यांत सर्वांत जास्त असते. तिथला वेग खोटा कमी येतो, त्याचा व्यस्त खोटा मोठा येतो, उजवीकडचे बिंदू वर चढतात, रेघ उभी होते आणि तिचं डावं टोक शून्याखाली जातं. व्यस्त घेतल्याने लहान वेगातली चूक फुगते आणि नेमके तेच बिंदू रेघेची दिशा ठरवतात. म्हणून या आलेखावरून अंतिम आकडा काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो चित्र दाखवायला ठेवा, व्हीमॅक्स आणि केएम (निम्मा कमाल वेग देणारी तीव्रता) मूळ वक्राला संगणकावर थेट जुळवून काढा.

सब्स्ट्रेट दहा टक्क्यांहून जास्त संपू द्यायचा नाही, तर या नळीचं वाचन ०.१३५च्या वर जाता कामा नये. एन्झाइम पाचपट पातळ करा किंवा वेळ २ मिनिटांवर आणा. आधी एका नळीत १, २, ४, ६ मिनिटांना वाचन घेऊन रेघ सरळ आहे ना, ते पाहा. प्रत्येक तीव्रतेला तिचा वेगळा ब्लँक (एन्झाइमचं काम न झालेली तुलनेची नळी) हवा, कारण पीएनपीपी आपोआपही पिवळं पडतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आधी आणि एन्झाइम नंतर घाला. बफरमध्ये ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारा पदार्थ) नको. एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम ते पळवतं.

प्रश्न : सिकलसेलच्या रुग्णाची जेवणानंतरची साखर सतत वाढलेली, पण एचबीए१सी (साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ५.१ टक्के. कशावर विश्वास ठेवावा? (ग्रामीण भागातील डॉक्टर, विदर्भ)

साखरेवर. एचबीए१सी तयार व्हायला एन्झाइम लागत नाही. ग्लुकोज बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनला चिकटतं. आधी सुटू शकणारा शिफ बेस, मग हळूहळू न सुटणारं अमाडोरी रूप. त्यामुळे आकडा साखरेबरोबर पेशीच्या वयावरही ठरतो. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलच्या एसएस रुग्णात (सिकलसेलचं जनुक आई-वडील दोघांकडून आलेल्या) १० ते २० दिवस. चिकटायला वेळच मिळत नाही. शिवाय एसएस रुग्णाकडे स्वतःचं हिमोग्लोबिन ए नसतंच, अलीकडे रक्त दिलं असेल तर तुम्ही दात्याचं मोजता. अशा रुग्णात फ्रुक्टोसामीन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन (रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) पाहा. त्यातून गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो. वाहक व्यक्तीत (जनुक एकाच पालकाकडून आलेल्या) पेशींचं आयुष्य नेहमीसारखं असतं, तिथे प्रश्न पद्धतीचा असतो. प्रयोगशाळेला विचारा की त्यांची पद्धत हिमोग्लोबिन एसच्या उपस्थितीत चालते का. लोह कमी असेल तर मात्र आकडा उलट खोटा वाढतो.

प्रश्न : वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) फॉस्फोरिलेटेड, म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या, प्रथिनाचा पट्टा कधी येतो, कधी नाही. काय तपासू?

पेशी फुटताच फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम, मोकाट सुटतात. सगळं बर्फावर करा. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) त्यांना रोखणारे सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर आणि ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर आयत्या वेळी घाला. व्हॅनाडेटचा साठा पीएच १०ला आणून रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पीएच पुन्हा १० करा, आणि रंगहीन राहीपर्यंत हे परत करा. पिवळं रूप निकामी असतं. बफरमधलं ईडीटीए किंवा डीटीटी (क्षपणक) हेही व्हॅनाडेटला निकामी करतं. ब्लॉकिंगला (पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला) दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. पट्टा खरा का, हे पाहायला एका नमुन्यातले फॉस्फेट लॅम्डा फॉस्फटेज घालून काढून टाका; खरा पट्टा त्यात नाहीसा होतो. त्या नमुन्यात वरचे रोधक आणि ईडीटीए घालायचे नाहीत, मँगनीज १ मिलिमोलर घालायचं.