पोरगं सगळ्यांच्या उलट बोलतं, तेव्हा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं, मुलगा सतरा वर्षांचा. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात कुणीतरी सहज विचारलं, "काय रे, कम्प्युटर सायन्सच ना?" त्यावर हा म्हणाला, "नाही, इलेक्ट्रिशियन होणार. आणि तुम्ही सगळे एकाच वाटेनं इथवर आलात, तरी स्वतःला धाडसी समजता." ताई लिहितात, "कुठं तोंड लपवू असं झालं. तो मुद्दाम सगळ्यांच्या विरुद्ध बोलतो. याला विचार म्हणायचा की नुसता आडमुठेपणा?"

ताई, आधी त्या टोमण्याचं बघू. बोलायची वेळ चुकली, पण बोलणं अगदीच खोटं नाही. सोलापुरातून पुण्याला इंजिनिअरिंग, मग हिंजवडी, मग कंपनीनं पाठवलं म्हणून अमेरिका, आणि ऑफिसातल्या चौघांनी जिथं घर घेतलं त्याच गावात आपलंही घर. तुम्ही कष्ट उपसलेत, त्यात वादच नाही. पण वाट मळलेली होती, आणि ते पोराला दिसतं. भर पंगतीत मोठ्यांना असं बोलल्याबद्दल त्याला माफी मागायला जरूर लावा. मतासाठी मात्र लावू नका.

आता त्याची बाजू. तुम्हीच लिहिलंय, सगळे आयफोन घेतात म्हणून याला नको, सगळे गणपतीच्या नाटकात काम करतात म्हणून हा घरी. दर वेळी ठरवून उलट जाणाऱ्याचं मतही गर्दीच ठरवत असते. ती उजवीकडे वळली की हा डावीकडे वळणार, एवढंच. सोलापूरकरांना डॉक्टर कोटणीसांचं उदाहरण सांगायला नको. चीनचं जपानशी युद्ध चालू असताना १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला तिथं गेलं, त्यात हे सोलापूरचे डॉक्टर होते. जाताना ते कुणाच्या विरुद्ध नव्हते, पथकाबरोबरच होते. पुढं पथकातले काही जण परतले, तरी हे तिथंच जखमींवर उपचार करत राहिले, १९४२ मध्ये तिथंच वारले. वेगळं व्हायची वेळ त्यांच्यावर कामामुळं आली.

आणखी एक. 'कॉलेज म्हणजे स्कॅम' हे तुमच्या चिरंजीवांचं आवडतं वाक्य आहे म्हणता. ते त्याचं नाही हो. यूट्यूबवर ते रोज ऐकायला मिळतं, आणि ऐकणारी सगळी पोरं आपण किती वेगळी म्हणून खूश असतात. तीही गर्दीच. मंडळाच्या हॉलमध्ये दिसत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

तेव्हा त्याला घेऊन बसा आणि विचारा, कम्प्युटर सायन्सच्या बाजूनं सगळ्यात दमदार मुद्दा कोणता? तो त्याला नीट मांडता आला, तर विरोध विचारातून आलाय. मग विचारा, काय कळलं तर तू तुझं मत बदलशील? 'काहीच नाही' म्हणाला, तर समजा, इथंच घोडं पेंड खातंय. आणि कामाचं विचारा. तिकडं इलेक्ट्रिशियनची अ‍ॅप्रेंटिसशिप साधारण चार-पाच वर्षांची असते, पगार घेत शिकायचं, जोडीला वर्ग. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या चाचणीत बीजगणित असतं. हे त्याला ठाऊक आहे का? एखाद्या इलेक्ट्रिशियनबरोबर दिवसभर साइटवर राहून आलाय का? आला असेल, तर तुमच्या पंगतीतल्या बऱ्याच जणांपेक्षा त्यानं जास्त विचार केलाय.

सासऱ्यांना कसं सांगायचं, ही तुमची खरी धास्ती दिसते. सोलापुरात 'पोरगं आयटीआयला जातंय' म्हटलं की लोक हळहळतात, हे मान्य. पण सासरे गिरणीतले आहेत ना? मग त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार नाही. १८७७ ला 'जुनी मिल' निघाली, पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या. भोंग्यावर अख्ख्या गावाचा दिवस चालायचा. गिरणीतली नोकरी म्हणजे पक्की, मुलगी द्यायला स्थळ चांगलं. तेव्हाचे लोक काही खुळे नव्हते. वर्षानुवर्षं ती नोकरी खरोखरच पक्की होती, म्हणून तर ती कशावर टिकून आहे हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं. मग एकेक गिरणी बंद पडली. फोनवर एका वाक्यात उरकू नका. जूनमध्ये याल तेव्हा आजोबा आणि नातू दोघांनाच बसू द्या, आणि गिरणी बंद पडल्यावर घर कसं चालवलं हे नातवालाच विचारू द्या.

घरात एक करून बघण्यासारखं आहे. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रयोग केले. खोलीत सात-आठ जण, समोर रेघा, कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी ते सांगायचं. एक सोडून बाकी सगळे आधी पढवलेले, ठरवून चूक उत्तर देणारे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही त्या एकट्यानं साधारण तीनातल्या एका वेळी चुकीच्याच उत्तराला मान डोलावली. पण खोलीत आणखी एकानं खरं उत्तर दिलं, की हे प्रमाण एकदम घसरलं. त्या दुसऱ्याचं उत्तर बाकीच्यांहून वेगळं पण चूक असलं, तरीही त्या एकट्याला धीर यायचा. तुमचा मुलगा चूक असेल तरी पंगतीत त्याचा उपयोग होतो, तो असा. उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही लोक कमी वाकले.

म्हणून घरातला मोठा निर्णय असेल, घर बदलायचं, गाडी घ्यायची, भारतात परतायचं, तेव्हा आधी चौघांनी आपापलं मत चिठ्ठीवर लिहा. वाचताना सगळ्यात धाकटीपासून सुरुवात, बाबा शेवटी. बाबा आधी बोलले की बाकीचे 'हो हो' करतात, हे आपल्याकडं सांगायला नको. मात्र कुणाला 'आज तू विरोधात बोल' अशी ड्युटी लावू नका. ते नाटक होतं, आणि खऱ्या मतभेदानं माणसं जेवढी विचाराला लागतात तेवढी नाटकानं लागत नाहीत.

राहिला अर्जांचा प्रश्न. कॉलेजांच्या बऱ्याच तारखा जानेवारीच्या सुरुवातीला येतात, तेव्हा दोन-तीन अर्ज भरायला लावा. कुरकुरेल, कुरकुरू द्या. अ‍ॅप्रेंटिसशिपचा अर्ज मात्र त्याचा त्यानं भरायचा. तारीख शोधणं, कागद जमवणं, चाचणीचा अभ्यास, सगळं त्याच्याकडं. तुम्ही आठवणसुद्धा करू नका.