आधी बॅटरी ठरव, मग ड्रिल

भाऊ, ड्रिल कोणतं घेऊ हे नंतर, आधी बॅटरी ठरव. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणजे पुढचा ग्राइंडर, जिगसॉ त्याच घराण्यातला घ्यावा लागतो. ते मग बिनबॅटरीचे घे, स्वस्त पडतात.

खोक्यावरच्या २० व्होल्टला भुलू नको. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, म्हणजे १८च. २० दिसतात ते फुल चार्ज असताना. फळ्या-बिजागऱ्यांना १२ व्होल्ट पुरतं. बाभळीत लांब स्क्रू पिळायचे असतील तर १८ घे, आणि बजेट असेल तर ब्रशलेसच, म्हणजे मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं.

आपल्याकडे खरा वैरी ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ गाठतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नको. तापलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावलीस तर तिचं आयुष्य घटतं. बरेच चार्जर तर ती गार होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. घरात सावलीत ठेव, रात्री लाव. महिनोन्महिने वापर नसेल तर निम्मी भरून ठेव, पूर्ण नको.

स्लॅबला भोकं पाडायची असतील तर मात्र वायरवालं रोटरी हॅमर भाड्याने आण.