कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी येतं कुठून?

प्रश्न : गॅरेजमध्ये ५० लिटरचा कॉम्प्रेसर आहे. फिल्टर बसवूनही पावसाळ्यात स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात. काय करावं?

उत्तर : हे पाणी हवेतलंच आहे. पावसाळी, दमट हवा ८ बारपर्यंत दाबून टाकी एकदा भरली आणि गार झाली, की साधारण ९-१० ग्रॅम पाणी तळाशी साचतं. दिवसभर गन चालली तर कपभर सहज होतं. म्हणून रोज काम संपल्यावर मशीन बंद करून प्लग काढा, दाब १-२ बारवर आणा, चष्मा लावा आणि तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पूर्ण दाबावर एकदम उघडू नका, गंजाचे कण डोळ्यात उडतात. टाकी व्हॉल्व्हच्या बाजूला कलती करा, नुसती हवा येईपर्यंत थांबा आणि रात्रभर तो उघडाच ठेवा. दुधाळ पाणी म्हणजे त्यात तेल मिसळलंय. ते डब्यात धरा, गटारात सोडू नका. तांबूस असेल तर आतून गंज धरलाय. टाकी पाझरू लागली तर कृपा करून वेल्डिंग मारून वापरू नका, ती फुटू शकते, बदलाच.

तुमचा फिल्टर बहुधा टाकीला चिकटून आहे. तिथे हवा गरम असते, वाफ तशीच पुढे जाते. तो ५-६ मीटर पाइपनंतर, गनजवळ बसवा.