शिवेवरचं गाढव

प्रिय मीनू,

तुझा मेसेज वाचला. "डोंगरावरच्या दगडावर गाढव आणि बाईचं एवढं घाणेरडं चित्र, आणि आजी त्यालाच हात जोडते?" फोनवर शेजारी आजोबा असतात, म्हणून लिहिते. तेरा वर्षांची झालीस, सरळच सांगते.

हा गधेगाळ. शिलाहार म्हणजे कोकणावर राज्य करणारं जुनं राजघराणं, त्यांच्या काळापासून असे दगड कोकणात रोवले गेले. राजा किंवा त्याचा अधिकारी जमीन, नाहीतर तिचं उत्पन्न, देवळाला किंवा कुणाला दान द्यायचा आणि हा दगड उभा करायचा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालायचं. मधे लेख. खाली शिवी: दान मोडणाऱ्याच्या आईची ही गत होवो.

भीती भुरट्या चोराची नव्हती गं, पुढच्या राजाची होती. देणारा मेला की गादीवर बसलेला नवा माणूस जमीन परत घेणार. त्याच्यावर दावा कुठल्या कचेरीत लावायचा? शिवाय लेख वाचणारे मोजके, चित्र मात्र गुराख्यालाही कळे.

मामाला सांग, अलिबागजवळ आक्षीला घेऊन जा. तिथला लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तोही गधेगाळच.

मला मात्र राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जमीन लाटणार कुणी बाप्या, आणि बेअब्रू त्याच्या आईची! हजार वर्षांत शिव्यांची ही खोड काही गेली नाही, मुंबईच्या लोकलमध्ये उभी राहा म्हणजे कळेल.

आता आजीचं. दान कुणी कुणाला दिलं ते गाव विसरलं, अक्षरं झिजली, दगड तेवढा शिवेवर राहिला. त्याला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. काही गावांत असा दगड अपशकुनी मानतात, आपल्याकडे तो राखणदार झाला. आजी लग्न होऊन आली तेव्हा खालचा भाग मातीत होता. तिच्या सासूने दाखवला तो चंद्र-सूर्याचा देव. गेल्या पावसात माती वाहून गेली म्हणून तुला गाढव दिसलं.

आजीला सांगायचं की नाही, तू ठरव. अक्षरांवर खडू किंवा रंग मात्र फिरवू नकोस. सकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढ, तेव्हा अक्षरं उठून दिसतात. मला पाठव.

तुझी आई