मोहरा वळवायचा म्हणजे काय वळवायचं?

प्रश्न असा आहे: 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड' या टेबलावर सोंगट्यांच्या फौजा लढवायच्या खेळाचे नियम मराठीत समजावताना कोणी 'तुकडी तैनात करा' म्हणतं, कोणी 'मांडा'. बरोबर काय? शिवाय 'मोहरा वळवायला चाल खर्च होते' यातला मोहरा म्हणजे एक सोंगटी की अख्खी तुकडी?

मोहऱ्याचं आधी: सोंगटीही नाही, तुकडीही नाही. आणि एक विनंती: टेबलावरच्या प्रत्येक भालाइताला मोहरा म्हणणं थांबवा. बुद्धिबळातसुद्धा मोहरे वेगळे आणि प्यादी वेगळी. २५ मिलिमीटरच्या चौकोनी बेसवरचा, म्हणजे पायाखालच्या चकतीवरचा, साधा शिपाई हे प्यादंच. त्याला सोंगटी म्हणा, फिगर म्हणा, काही बिघडत नाही.

तुमच्या वाक्यातला मोहरा म्हणजे तोंड, दर्शनी बाजू. 'पावसाने आपला मोहरा विदर्भाकडे वळवला' असं छापून येतं, तोच हा. बुद्धिबळातला मोहरा फारसी. मुहरा म्हणजे मणी, कवडी. हा दुसरा मात्र घरचा: संस्कृत मुख, प्राकृत मुह, पुढे र जोडला गेला. 'म्होरं हो' मधलं म्होरं याच कुळातलं, आणि म्होरक्याही. ओल्ड वर्ल्डमध्ये तुकडीचा चॅम्पियन पहिल्या रांगेत उभा करावा लागतो. त्याला म्होरक्या म्हणायचं सोडून लोक 'कप्तान' म्हणतात, याला काय म्हणावं! काही व्युत्पत्तिवीर दोन्ही मोहरे 'मोहर' म्हणजे शिक्क्यातून काढतात. शिक्का दर्शनी बाजूवर उमटवतात, म्हणून म्हणे. मग नांगरामागून 'म्होरं चल' म्हणणाऱ्याने कुठल्या फर्मानावरचा शिक्का वाचला होता? माझं मत असं, की फारसी मोहरा मराठीत एवढा सहज रुजला तो घरात आधीच एक मोहरा बसलेला होता म्हणून. पुढे घातलेली सोंगटी आणि पुढची बाजू, दोन्ही एकाच नावाने ऐकू येऊ लागल्या. तुमचा गोंधळ तिथलाच.

आता खर्च. तुकडीचा एक पुढचा कोपरा जागेवर रोवायचा, दुसरा पुढे फिरवायचा, आणि बाहेरच्या टोकाची सोंगटी जेवढी सरकली तेवढी चाल गेली. पाच सोंगट्यांची रांग घ्या: ५ गुणिले २५, म्हणजे १२५ मिलिमीटर. मोहरा ९० अंशांत वळवला तर बाहेरचा कोपरा साधारण १९६ मिलिमीटर फिरतो, ७.७ इंच. माणसांच्या पायदळाची एका वेळची चाल ४ इंच. तेवढ्यात जेमतेम ४६ अंश वळणं होतं आणि पुढे जायला काहीच उरत नाही. आठांची रांग केलीत तर २९ अंशांवरच चाल संपते.

चूक होते ती मोजणीत. रांगेच्या मधल्या सोंगटीला टेप लावला की तोच काटकोन ३.९ इंचांत बसल्यासारखा दिसतो आणि कोणी मुद्दाम लबाडी न करता तुकडी शत्रूच्या बगलेवर येऊन उभी राहते. बाहेरच्या कोपऱ्यावरही टेप सरळ ताणला तर ७ इंचच भरतात. वळणाच्या गोलाईवर मोजायचं की सरळ, हे डावाआधी ठरवून टाका.

हा हिशेब सगळीकडे चालवू नका. 'किंग्ज ऑफ वॉर' या तशाच दुसऱ्या खेळात साधी चाल करताना तुकडी स्वतःच्या मध्यबिंदूभोवती एकदा, ९० अंशांपर्यंत वळू शकते आणि त्याचे इंच कापले जात नाहीत. 'वॉरहॅमर ४०,०००' या तिसऱ्या खेळातल्या गोल बेसच्या सैनिकाला तर चालीपुरता मोहराच नाही. तिथली गफलत वेगळी: बेसच्या पुढच्या कडेपासून मोजायला सुरुवात करून शेवटी मागची कडा टेपच्या टोकाला टेकवतात. ३२ मिलिमीटरचा बेस असेल तर सव्वा इंच फुकट. पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंतच मोजा.

हो, तैनात राहिलंच. तैनात म्हणजे कामगिरीवर नेमलेला. शब्द अरबी, फारसीतून आलेला. १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने पत्करली ती तैनाती फौज अशी नेमून दिलेली. पहारेकरी तैनात होतात. डाव, पट, सोंगट्या मांडतात. म्हणून 'मांडा'. फक्त '४०,०००'मध्ये मांडणीचा पट्टा सांगताना नुसतं 'आत' म्हणू नका, 'पूर्ण आत' म्हणा: बेसचा काठही रेषेबाहेर चालत नाही. शस्त्राच्या पल्ल्याचं उलट आहे, तिथे बेसचा कुठलाही भाग आत आला की पुरे.