लिगेचर बांधलेल्या माउसच्या हिरडीत एमएमपी-८ वाढलेलं का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिरडीत दाह व्हावा म्हणून माउसच्या वरच्या दुसऱ्या दाढेभोवती ६-० जाडीचा रेशमी दोरा (लिगेचर) बांधला. सात दिवसांनी हिरडी सुजली, हाड झिजलं, पण क्यूपीसीआरमध्ये (जीनची प्रत, म्हणजे एमआरएनए, मोजणारी चाचणी) एमएमपी-८ हे कोलॅजन तोडणारं एन्झाइम कंट्रोलच्या, म्हणजे दोरा न बांधलेल्या गटाच्या, आसपासच राहिलं. प्रायमर (त्या जीनला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) चुकले की नमुना? आणि पुढे फ्लॅप सर्जरी (हिरडीचा पदर उचलून केलेली शस्त्रक्रिया) करायची तर काय सांभाळायचं?

प्रायमरवर संशय घेण्याआधी हे एन्झाइम तयार कुठे होतं ते बघा. दाह झालेल्या हिरडीतलं बरंचसं एमएमपी-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घेऊन येतात, आणि ते त्यांनी हिरडीत बनवलेलं नसतं. अस्थिमज्जेत पेशी अपरिपक्व असतानाच ते तयार होऊन कणिकांमध्ये साठवलं जातं. हिरडीत पोहोचलेली पेशी तो साठा फक्त बाहेर सोडते. म्हणजे प्रथिन भरपूर आणि एमआरएनए नगण्य, अशी स्थिती सहज असू शकते. त्यात न्यूट्रोफिलमध्ये एकूण आरएनएच कमी असतो. तेव्हा एमएमपी-८ साठी माउसचं स्वतंत्र एलायझा किट किंवा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे थेट प्रथिन मोजणारी चाचणी, करा. माणसासाठी बनवलेली अँटीबॉडी माउसच्या प्रथिनाला बसेलच असं गृहीत धरू नका.

एमआरएनएच मोजायचा असेल तर एमएमपी-१३ घ्या. उंदीरवर्गात कोलॅजन तोडण्याचं जे काम माणसात एमएमपी-१ करतं, ते मुख्यतः एमएमपी-१३ कडे आहे, आणि ते जागेवरच्या पेशी बनवतात. सोबत आयएल-१ बीटा हा दाहाचा संदेशरेणू ठेवा. तेही वाढलेलं नसेल, तर मात्र दोष नमुन्यातच शोधायचा.

नमुन्यात सगळ्यात जास्त चुका कापताना होतात. खालचा जबडा वेगळा करा, टाळू वर येईल असं डोकं स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि थंड पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) रक्त, अन्नकण धुवून टाका. दोरा हलक्या हाताने काढा. ११ नंबरच्या ब्लेडने दातांपासून साधारण १ मिमीवर दाढांना समांतर एक रेघ मारा, मग दातांच्या मानेलगत दुसरी. दोन्ही टोकांना आडवे छेद देऊन पट्टी बारीक चिमट्याने उचला. टाळूच्या वळ्यांपर्यंत गेलात तर निरोगी उती मिसळते आणि सिग्नल पातळ होतो. पट्टी निघाल्यावर पुन्हा मायक्रोस्कोपमधून बघा. दोन दाढांच्या मध्ये गुलाबी-पांढरी पाचर चिकटून राहिलेली असते. दाह सर्वांत जास्त तिथेच असतो, आणि बहुतेक वेळा तीच कवटीबरोबर फेकली जाते! ब्लेडचं टोक फटीत घालून ती सोडवून घ्या.

तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि वितळू न देता थेट ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावणात घ्या. हिरडी चिवट असते, हाताने घोटून भागत नाही. धातूचे किंवा सिरॅमिकचे मणी घालून ३० सेकंदांचे फेरे द्या, मध्ये बर्फावर ठेवा, तंतू दिसेनासे होईपर्यंत. उती काही मिलिग्रॅमच असल्याने आयसोप्रोपेनॉलच्या टप्प्यावर ग्लायकोजेन घाला, नाहीतर न दिसणारी गोळी धुताना वाहून जाते. आरएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२३० प्रकाशशोषण गुणोत्तर खूप खाली आलं तर ग्वानिडिन मीठ किंवा फिनॉल उरलंय असं समजा आणि ७५ टक्के इथेनॉलने पुन्हा धुवा. डीएनए काढून टाकणारी डीएनेज प्रक्रिया आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवायचा कंट्रोल, दोन्ही हवेतच. तुलनेसाठी एकट्या गॅपडीएच या संदर्भ जीनवर विसंबू नका, दाहात ते स्वतःच हलू शकतं. निदान दोन संदर्भ जीन्स तुमच्याच नमुन्यांत स्थिर आहेत का ते तपासा. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसली की प्रायमरचा प्रश्न बराचसा मिटला.

एमएमपी-९ आणि एमएमपी-२ या जिलेटिन तोडणाऱ्या एन्झाइमांसाठी जिलेटिन झायमोग्राफी (जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये ते कुठे तुटलं हे दाखवणारी पद्धत) उत्तम. उतीच्या अर्कात ईडीटीए नको. ते कॅल्शियम आणि जस्त ओढून घेतं आणि एन्झाइम निकामी होतं. नमुना उकळायचा नाही, प्रथिनातले बंध तोडणारं डीटीटी घालायचं नाही. जेल २.५ टक्के ट्रायटन या डिटर्जंटमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा, मग कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. निळ्या जेलवर पांढरे पट्टे दिसतील. पण जेलमधल्या एसडीएस या डिटर्जंटमुळे रेणू उलगडतो आणि निष्क्रिय प्रो-रूपही जेलमध्ये कामाला लागतं. त्यामुळे पट्टा ठळक आला म्हणजे उतीत तेवढी क्रिया चालू होती, असं लिहू नका.

आता फ्लॅपबद्दल. जमत असेल तर त्या भागासाठी रॅट घ्या. माउसच्या दाढांपाशी फ्लॅप न फाटता उचलणं फार अवघड जातं. नुसता फ्लॅप उचलला तरी जखम भरताना एमएमपी-९ वाढतं, कारण न्यूट्रोफिल येतात आणि कडेच्या उपकला पेशी सरकू लागतात. म्हणून फ्लॅप उचलून, औषध न लावता पुन्हा बसवलेला गट हवाच, नाहीतर औषधाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. टाके रेशमी घालू नका. रेशीम जीवाणू धरून ठेवतं आणि तुमचा टाका म्हणजे दुसरं लिगेचरच होतो. बारीक, विरघळणारा धागा वापरा आणि काही दिवस मऊ खाणं द्या.

प्रतिजैविक म्हणून डॉक्सिसायक्लिन मुळीच नको. टेट्रासायक्लिन गटातली औषधं जीवाणूंशी संबंध नसतानाही एमएमपी दाबतात. लॉर्न गोलब आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मधुमेही रॅटच्या हिरडीत मिनोसायक्लिनने कोलॅजन तोडणारी क्रिया कमी होते हे दाखवलं, आणि त्याच वाटेने पुढे माणसांसाठी २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनची गोळी आली. वेदनाशामक मात्र कधीही टाळायचं नाही. दाहरोधक औषधाने मोजमाप बिघडेल अशी भीती असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने ब्युप्रेनॉर्फिन द्या, आणि ते सर्व गटांना सारखंच, शस्त्रक्रिया न झालेल्यांनाही.